आठ आणे

दिवाळी जवळ आली, की मला फटाक्यांच्या आधी वाण्याची वही आठवते. लांबट, लाल कापडी बांधणीची, दोरीने गुंडाळलेली. आम्ही ख्रिस्ती, आमचा मोठा सण नाताळ. पण नगरच्या ज्या गल्लीत माझे लहानपण गेले, तिथे लक्ष्मीपूजनाच्या रात्री वाण्याच्या दुकानातून आमच्याही घरी लाह्या-बत्तासे येत आणि नाताळात आमच्या करंज्या त्याच्याकडे जात. धर्म दोन होते, पण उधारीची वही एकच होती. आणि त्या वहीशी माझे एक जुने प्रकरण आहे.

ही गोष्ट १९५५ सालची. आईने महिन्याच्या उधारीचे साडेसात रुपये माझ्या हाती दिले. मी वाण्याला सात दिले आणि उरलेल्या आठ आण्यांत सिनेमा पाहिला, भेळ खाल्ली. पुढच्या महिन्यात वहीत आठ आणे बाकी निघाले. आई मला घेऊन तरातरा दुकानात गेली. आता काय बोलावे, हे मला सुचेना. समोर दुकानातला पोऱ्या पुड्या बांधत होता, माझ्याच वयाचा. मी बोट दाखवले. "याच्याजवळ दिले होते!"

शेटजींनी त्याला एक थप्पड लगावली आणि त्याच्या पगारातून आठ आणे कापले. तो रडला नाही. मला ते फार सोयीचे वाटले.

बाबा शाळामास्तर. आमच्या घरी रोज दिवेलागणीला प्रार्थना होई आणि शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत असू. तीत देवाकडे भाकरी मागितली, की लगेच ऋणाची गोष्ट येते. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडतो, तसे तू आम्हाला सोड, असे ते मागणे. लहानपणी मला वाटे, हे वाण्याच्या उधारीसाठीच घातले असावे! पुढे कळले, की मत्तयाच्या शुभवर्तमानात जिथे ऋण म्हटले आहे, तिथे लूकने पाप म्हटले आहे. आणि येशू जी अरामी भाषा बोलत असे, तीत दोहोंना एकच शब्द चाले.

पाळक दर रविवारी सांगत, की आपण सर्वांनी पाप केले आहे. त्या 'सर्वांनी' या शब्दाचा मला मोठा आधार वाटे. सर्वांत मिसळले, की माणूस दिसेनासा होतो.

लक्ष्मीपूजनाची रात्र आली. लाह्या-बत्तासे घेऊन तोच पोऱ्या दारात उभा राहिला. आईने त्याच्याकडे न पाहताच ताटली घेतली. तिच्या लेखी तो चोर होता. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. नजरेत राग नव्हता. 'का रे?' एवढेच जणू तो विचारत होता. त्या रात्री ऋणाच्या शब्दांपाशी माझा आवाज बसला आणि मी बाबांना सारे सांगून टाकले.

मला वाटले, मार बसेल. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "देवाची क्षमा आत्ता माग. उद्या सकाळी माझ्याबरोबर दुकानात यायचे."

पाडव्याची सकाळ. नवी वही उघडलेली, पहिल्या पानावर कुंकू. मी सगळे सांगितले आणि बाबांनी गादीवर आठ आणे ठेवले. शेटजी नाण्याकडे पाहत राहिले. "मास्तर, माझे पैसे केव्हाच वसूल झाले. हे याचे." ते नाणे त्यांनी पोऱ्याच्या हातात ठेवले. मग हळूच म्हणाले, "आणि ती थप्पड मी मारली. ती कोणत्या वहीत लिहू?"

पोऱ्या लाजून "असू द्या" म्हणाला आणि पुड्या बांधू लागला. त्या नाताळात करंज्या न्यायला तो आला, तेव्हा आईने त्याला आत बोलावले, बसवून खाऊ घातले. ती काही बोलली नाही. पण त्याला वाढताना तिचे डोळे भरून आले होते. 'सर्वांनी' म्हणजे कोण, हे मला तेव्हा कळले. एका खोट्याने तीन माणसे माझ्याबरोबर ओढली गेली होती.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. एका दासाला राजा दहा हजार तालांतांचे कर्ज सोडतो; आणि तोच दास बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. सुटलेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, म्हणजे एक लाख साठ हजारांहून अधिक वर्षांचे निघाले! पण शंभर दिनारही काही थोडे नव्हेत. तीन महिन्यांची कमाई आहे ती. आपल्यावर झालेला अन्याय खोटा असतो, असे येशू म्हणत नाही. तो फक्त दुसरा आकडाही शेजारी मांडून दाखवतो.

हा हिशेब मी मांडला तो धाकट्या भावामुळे. बाबांच्या घराच्या वाटणीत त्याने मला फसवले. बारा वर्षे आमचा अबोला आहे. चूक त्याचीच होती, हे आजही मी शपथेवर सांगेन. पण प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना मला तो पोऱ्या आठवतो. माझ्यामुळे खाल्लेली थप्पड त्याने दोन शब्दांत सोडून दिली. तिची भरपाई मी कधी करू शकलो नाही, आणि त्यानेही कधी मागितली नाही.

कालच शेजारच्या वहिनींनी फराळाचा डबा दिला. त्यात भावाला आवडणाऱ्या चकल्या आहेत. उद्या पाडवा. डबा घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे. तो दार उघडील की नाही, कोण जाणे.