सर्पाचा जबाब

जामसांवली हे नाव आम्ही प्रथम लिहिले ते एका अर्जात. त्यास आता बारा वर्षे झाली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमाखाली एका गृहस्थास घटस्फोट हवा होता. पत्नीचे चित्त ठिकाणावर नाही, असे त्याचे म्हणणे. कागदोपत्री पुरावा तुटपुंजा होता. तेव्हा अर्जास बळकटी यावी म्हणून आम्ही एक परिच्छेद घातला की, गैरअर्जदार हिला उपचारार्थ तीन वेळा जामसांवली येथे नेण्यात आले होते. जामसांवली आम्ही तोवर पाहिलेली नव्हती. समन्स माहेरच्या पत्त्यावर बजावले गेले, ती आली नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. ती का आली नाही, हे आम्ही कुणास विचारले नाही. पक्षकाराने पेढे आणून दिले. ते आम्ही घरी नेले.

गेल्या मार्गशीर्षात गोव्याहून आमच्या आत्या आल्या आणि निजलेल्या मारुतीचे दर्शन घ्यावयाचे म्हणून हटून बसल्या. उभा मारुती गावोगावी असतो. शयनस्थ मारुती आपल्याकडे खुलताबादेस आहे, तसाच हा सौंसरजवळचा. नागपूरहून सावनेरमार्गे गेले की सकाळच्या प्रहरात पोहोचता येते. १९५६च्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला; २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निराळा झाला, तेव्हा सौंसर त्यात आले. पाट्या हिंदीत, पण संत्र्यांच्या ढिगाऱ्यामागून कानी येणारी घासाघीस मराठीतली. पिंपळाखाली शेंदराने माखलेली ती विशाल मूर्ती आडवी पहुडलेली आहे. तिच्या नाभीतून झरणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. शनिवार असल्यामुळे गर्दी होती. आणि त्या गर्दीत, ज्यांना ‘बाधा’ झाली आहे असे घरचे म्हणतात, अशी पुष्कळ माणसे होती. बहुतेक बायका.

आरतीचा घोष वाढला तशी आमच्यापासून चार हातांवर एक तरुण बाई केस मोकळे सोडून घुमू लागली. तिच्या मागे उभा असलेला पुरुष, नवरा की दीर कोण जाणे, दरडावून विचारीत होता, “कोण आहेस तू? कुठून आलास? कोणी पाठवलं तुला?” क्रियापदे पुल्लिंगी होती, हे आमच्या चटकन ध्यानात आले. प्रश्न तिला नव्हते. तिच्यात जो कोणी शिरला असे मानले होते त्याला होते. धंद्याची सवय अशी वाईट की देवळातही आमच्या मनाने ही उलटतपासणी म्हणून टिपून घेतली.

त्या दिवसांत आम्ही फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा वाचीत होतो, आणि त्यासोबत बायबलातील ‘उत्पत्ति’ ताडून पाहत होतो. जगातील पहिली तपासणी तेथे तिसऱ्या अध्यायात आहे. निषिद्ध फळ खाल्ले गेले आहे. परमेश्वर बागेत येतो आणि आदामास हाक मारून विचारतो, तू कोठे आहेस, हे फळ खाल्लेस काय? आदाम सांगतो, तू दिलेल्या स्त्रीने मला दिले. एका वाक्यात त्याने बायको आणि न्यायाधीश दोघांवर ठपका ठेवला. मग हव्वेस प्रश्न होतो; ती सर्पाकडे बोट दाखविते. आता सर्पाची पाळी. त्यास मात्र एकही प्रश्न विचारला जात नाही. पोटावर सरपटशील आणि माती खाशील, ही शिक्षाच एकदम सुनावली जाते.

कायद्याच्या विद्यार्थ्यास १७२३चा केंब्रिज विद्यापीठाविरुद्धचा डॉ. बेंटले यांचा खटला ठाऊक असतो. विद्यापीठाने त्यांचे म्हणणे न ऐकता पदव्या काढून घेतल्या होत्या. न्या. फोर्टेस्क्यू यांनी दाखला दिला तो याच बागेचा: आदामाला कैफियतीची संधी दिल्यावाचून देवानेही निकाल दिला नाही, आणि हव्वेलाही तोच प्रश्न विचारला. दाखला उत्तम, परंतु तो दोन आरोपींपाशीच थांबतो. तिसऱ्याविषयी अवाक्षर नाही.

सर्पास का विचारले नाही? आमचा तर्क असा की, विचारले असते तर पुढचा प्रश्न ओघाने आला असता: तुला कोणी धाडले? आणि सर्पही परमेश्वरानेच घडविलेल्या प्राण्यांपैकी एक होता, हे त्याच अध्यायाच्या आरंभी नोंदलेले आहे. साक्ष न्यायासनापर्यंत पोहोचली असती. पापाचा उगम कोठे, या प्रश्नाची मिसल तेथेच उघडी राहिली. आमच्या वेदान्त्यांनी अधिक सावधपणा दाखविला. ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांनी दुसऱ्या अध्यायात घेतला आणि उत्तर दिले की, तो प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो. मग पहिले कर्म कोठून आले, असे कोणी विचारील म्हणून संसारच अनादि ठरविला. घटनेची तारीखच नसल्यामुळे दावा पुढे सरकत नाही! आणि वाटणीचे म्हणाल तर इंद्राच्या ब्रह्महत्येचा एक हिस्सा आपल्या पुराणांनीही स्त्रीच्या पदरी टाकलाच आहे.

‘उत्पत्ति’च्या त्या कथेत सैतानाचे नाव नाही. सर्प म्हणजे सैतान ही जोड पुढील काळाची. स्टीफन्सच्या हाती आली ती कथा या जोडीसह आली, म्हणून त्यांच्या ओव्यांत सर्पास बंडखोर देवदूताचे पूर्वचरित्र मिळाले. हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यास आला, साष्टीत राहिला, आपली भाषा शिकला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे पुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्याच्या मराठीवर आमचे प्रेम आहे, आणि तरीही वाचताना घशात काही अडकते. ज्या साष्टीत हे काव्य झाले, तेथील आमची देवळे १५६७ साली मोडली गेली होती. त्यापूर्वीच, १५६०च्या सुमारास, कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास गेला. मिशनऱ्यांच्या लेखी आमची दैवते सर्पाच्याच पक्षातली होती. आमच्या पूर्वजांस कोणी विचारले नाही, तुमचे म्हणणे काय? हे सारे आत्या फार कडवटपणे सांगतात, आणि आम्हीही व्याख्यानांतून सांगत आलो आहोत.

पण ‘सैतान’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ पाहिला आणि आमची व्याख्याने थांबली. त्याचा अर्थ प्रतिपक्षी, दोषारोप करणारा. ईयोबाच्या कथेत तो देवाच्या दरबारातला एक हुद्देदार आहे; जखऱ्याच्या ग्रंथात तो मुख्य याजकाच्या उजव्या हाताशी उभा राहून त्याच्यावर आरोप ठेवतो. म्हणजे शिंगे, शेपूट काही नाही. काळा कोट तेवढा घालावयाचा राहिला. इतकी वर्षे आम्ही त्या कथेत स्वतःस न ऐकल्या गेलेल्याच्या जागी पाहत होतो.

आरती संपली. ती बाई थकून पिंपळाच्या पारापाशी बसली. पुरुष प्रसाद आणावयास गेला असावा. शेजारी नऊवारी नेसलेली एक म्हातारी होती. तिने पदराने त्या मुलीचा घाम पुसला आणि विचारले,

“जेवली का वं, माय?”

मुलीने बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग अगदी साध्या, आमच्यातुमच्यासारख्या आवाजात म्हणाली, “काल सकाळपासून नाई.”

म्हातारीने पिशवीतून भाकरी काढली. आत्याही उठल्या आणि त्यांनी जवळची संत्री तिच्या ओटीत घातली. आम्ही मात्र जागचे हललो नाही. तो पुरुष परतला तेव्हा ती खात होती. त्याने पुन्हा “कोण आहेस तू” सुरू केले नाही, एवढे खरे.

नागपुरास परतल्यावर आम्ही ते जुने दप्तर शोधून काढले. हुकूमनामा रद्द करवून घेण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली आहे. त्या गृहस्थाचे दुसरे लग्न होऊन मुले शाळेत जातात. आमचा परिच्छेद तेथे आहे, सुवाच्य, क्रमांक सात. ती तीन वेळा जामसांवलीस गेली, एवढेच त्यात आहे. तिला कोणी नेले, तिची जाण्याची इच्छा होती काय, तेथे ती काय बोलली, यांपैकी काहीही नाही. शेवटच्या पानावर समन्सचा अहवाल जोडलेला आहे. समन्स घरातील पुरुषाने स्वीकारले, असे त्यावर लिहिले आहे. तिची सही नाही. तो कागद त्या काळी आमच्या हातातून गेला होता. त्यावर तपासल्याची आमची खूण आहे.