तासांचा हिशेब

सीव्ही सजवण्यात आपल्या पिढीचा हात कुणी धरणार नाही. दोन दिवसांचं वर्कशॉप 'सर्टिफिकेशन' होतं, काकांच्या ऑफिसात एसी खात काढलेला मे महिना 'समर इंटर्नशिप' होतो. चालतं, मंडळी! तिथे कुणाच्या जिवाचा प्रश्न नसतो. पण जिथे असतो, तिथे काय?

माझी मावसबहीण नगरची. (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, पण कंडक्टरकडे आम्ही अजून 'एक नगर'च मागतो.) बीएस्सी झाली आणि तिने जाहीर केलं, अमेरिकेत जाऊन फिजिशियन असिस्टंट व्हायचंय. म्हणजे डॉक्टरांच्या टीममध्ये राहून पेशंटची हिस्टरी घ्यायची, तपासायचं, औषधं लिहायची, ऑपरेशनला मदत करायची. आपल्याकडे हे नाव नवं वाटतं, पण चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हा कोर्स १९९२ मध्येच सुरू झाला. इथे बारावी सायन्सनंतर प्रवेश मिळतो. अमेरिकेतली बरीच कॉलेजं मात्र अर्जातच विचारतात, पेशंटसोबत किती तास काम केलंय? १,००० तासांची अट तिथे अगदी कॉमन.

त्या तासांतही प्रकार आहेत. डॉक्टरांच्या मागे उभं राहून नुसतं पाहिलं, ते शॅडोइंग. फायली लावल्या, जेवणाचे ट्रे पोहोचवले, ते हेल्थकेअर एक्सपिरियन्स. पेशंटची प्रत्यक्ष जबाबदारी घेतली, तरच पेशंट केअर. भाव असतो तो या शेवटच्या प्रकाराला.

आता खरी गंमत. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी मावशीला सांगितलं, "किती तास हवेत तेवढं सांगा, लेटरहेडवर लिहून देतो." मावशी एकदम खूश. मुलगी तेवीस वर्षांची, घरात स्थळांची चर्चा, त्यात एक वर्ष वाचलं तर कुणाला नकोय? पण बहीणबाई 'नाही' म्हणून बसल्या. मला फोन आला, "अगं, तू तरी समजाव तिला."

मी समजावलं नाही. तिने जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला आणि एका छोट्या हॉस्पिटलात लागली. त्या वर्षीची अर्जाची मुदत हातची गेली. पगार इतका, की आपण वीकेंडला कॉफीवर उडवतो त्याच्याशी तुलना नको.

सुरुवातीला रोज रात्री फोनवर रडगाणं. बीपी घ्या, स्पंजिंग करा, बेडपॅन द्या, पेशंटला कुशीवर वळवा. वर नातेवाईकांचा हट्ट, "सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल." मग हळूहळू फोनवरचा सूर बदलला. "ताई, 'जेवलात का?' विचारलं की सगळे 'हो'च म्हणतात. 'काय खाल्लं?' विचारायचं." शुगरच्या एका आजोबांनी इन्शुलिन घेतलं होतं आणि पोटात फक्त चहा होता. हे त्या दुसऱ्या प्रश्नामुळे कळलं.

ऊसतोडीहून परतलेली एक बाई नवऱ्यासमोर 'पोट दुखतंय' एवढंच सांगत होती. नवरा चहाला गेला, तेव्हा बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता माझ्या बहिणीला तिने हळूच सांगितलं, बरेच दिवस अंगावरून जातंय. बहिणीने सिस्टरला सांगितलं, सिस्टरने डॉक्टरांना, आणि त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. लेटरहेडवरच्या १,००० तासांत ही बाई कुठे भेटली असती?

कॉलेजांची ही अट उगाच आलेली नाही. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी या कोर्सची पहिली बॅच घेतली, ती अमेरिकन नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांची. आधी हात तयार झाले, अभ्यास मागाहून आला.

आणि हे शिकायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. नगरपासून साधारण ७५ किलोमीटरवर जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या बायकांनाच त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गावात काम करायचं, जामखेडला येऊन शिकायचं, पुन्हा गावात जायचं. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ असलेले बालमृत्यू पुढच्या २५ वर्षांत ३० च्या खाली आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये यातल्याच मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. डॉक्टर म्हणजे या सभागृहातली झुंबरं, मी साधी पणती, पण पणतीने दुसरी पणती लावता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्टिफिकेट नव्हतं, पण गावातली बाई आपलं दुखणं त्यांना मोकळेपणाने सांगायची. तो विश्वास कुठल्याच लेटरहेडवर मिळत नाही.

आठ तासांची शिफ्ट, आठवड्याला सहा दिवस. या हिशेबाने १,००० तास पाच महिन्यांत भरतात. बहिणीचे कधीच भरले, तरी ती अजून जातेय. ॲडमिशन मिळेल का, माहीत नाही. त्या बाईसाठी अर्जात वेगळा रकाना नाही. ती त्या दिवशीच्या आठ तासांतच मोजली जाईल.

तुमच्या ओळखीत कुणी असं लेटर मागत असेल, तर लेक्चर देऊ नका. एक दिवस जनरल वॉर्डात पाठवा. तेही सकाळी, बेडपॅनच्या वेळेला.