पिंपात उभ्या रायफली

टोलेडोजवळच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात मागच्या भिंतीशी एक लाकडी पिंप असायचं. एका बाजूला मासेमारीचे गळ, दुसऱ्या बाजूला तंबू, मध्ये ते पिंप. कोपऱ्यात छत्र्या ठेवाव्यात तशा त्यात दहा-बारा रायफली उभ्या. नळ्या वर, दस्ते खाली, चापाच्या कड्यांतून ओवलेली साखळी आणि पुठ्ठ्यावर जाड पेनानं लिहिलेली किंमत : ७९ डॉलर. रशियन मोसिन-नागान, मॉडेल १८९१/३०.

त्या पैशांत त्या दुकानात धड बुटांचा जोडही येत नव्हता. मी ओहायोत येऊन सहा-सात वर्षं झाली होती. लहानपण खडकीत गेलेलं. कॉलेजात एन.सी.सी.च्या कॅम्पात .३०३ खांद्यावर घेऊन कवायत भरपूर केली, पण प्रत्यक्ष बार काढायला मिळाले फक्त पाच. खांदा दोन दिवस निळा होता आणि ते पाच बार मी आयुष्यभर विसरलो नाही. म्हणून त्या पिंपाशी पाय थबकले. फॉर्म भरला, दुकानदारानं फोन लावून माझी तपासणी करून घेतली, आणि अर्ध्या तासात चार किलोंची, माझ्या छातीपर्यंत येणारी ती रायफल कागदात गुंडाळून मोटारीत ठेवली. हे २००४ साल.

ते पिंप आता नाही. त्या दुकानातच नव्हे, कुठंच नाही. गेल्या हिवाळ्यात एका गन शोमध्ये तीच रायफल मखमलीवर आडवी ठेवलेली पाहिली. चिठ्ठीवर ४५० डॉलर होते आणि शेजारी पाटी : कृपया हात लावू नये. ती पाटी मला किमतीपेक्षा जास्त लागली. म्हणून हे लिहायला बसलो.

घरी आणून कागद सोडवला तेव्हा रायफल अशी दिसलीच नव्हती. नळीपासून दस्त्यापर्यंत तपकिरी, मधासारखं चिकट कॉस्मोलिन. गंज चढू नये म्हणून कोठारात ठेवण्यापूर्वी शस्त्रांना हा लेप देत. ते काढायची प्रत्येकाची आपली रीत असे. कुणी उकळतं पाणी ओती, कुणी मिनरल स्पिरिटमध्ये बोल्ट बुडवून ठेवी. लाकडासाठी मात्र सगळ्यांचा उपाय एकच : दस्ता काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून जुलैच्या उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवायचा. तासाभरात लाकडाला घाम फुटल्यासारखं ग्रीस वर येतं. पुसायचं, पुन्हा ठेवायचं. तीन दिवस हा उद्योग चालला. तिसऱ्या दिवशी नळीच्या मुळाशी, चेंबरवर, त्रिकोणातला बाण दिसला, म्हणजे इझेव्हस्कचा कारखाना. खाली साल : १९४३.

आणि पोलादावर लेथच्या रेघा. बोट फिरवलं की नखाला लागणाऱ्या. युद्धाआधीच्या मोसिन गुळगुळीत असतात. १९४२-४३ साली पॉलिश करायला कुणाला सवड नव्हती. भाग कातला, मोजला, पुढं सरकवला. त्या रेघा काढणारा हात कोणाचा होता, पुरुषाचा की घरची माणसं आघाडीवर गेलेल्या एखाद्या बाईचा, हे मला कधीच कळणार नाही. पण ती घाई मात्र साठ वर्षांनी माझ्या नखाखाली जशीच्या तशी होती.

इतकी स्वस्त का, याचं उत्तर साधं होतं. या एका मॉडेलच्याच दीड कोटीहून जास्त रायफली सोव्हिएत कारखान्यांनी काढल्या. युद्धानंतर सैन्याच्या हाती कलाश्निकोव्ह आली. जुन्या मोसिन दुरुस्त केल्या, ग्रीस फासलं, पेट्यांत भरल्या आणि पुढच्या युद्धासाठी कोठारांत रचून ठेवल्या. १९९१ साली तो देशच राहिला नाही. युक्रेनसारख्या नव्या देशांच्या वाट्याला या पेट्यांचे डोंगर आले, आणि त्यांना डॉलर हवे होते. वितळवण्यापेक्षा विकणं परवडत होतं. अमेरिकी आयातदारांनी माल उचलला.

अमेरिकेला हा व्यापार नवा नव्हता. न्यू यॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमननं यादवी युद्धानंतर उरलेला लष्करी माल विकायला घेतला तो इतका वाढला, की दारूगोळा ठेवायला त्याला हडसन नदीतलं एक बेट घ्यावं लागलं. तिथलं त्याचं किल्ल्यासारखं कोठार पडक्या अवस्थेत आजही उभं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम्युअल कमिंग्ज या माणसानं व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात नदीकाठची गोदामं युरोपातल्या जुन्या रायफलींनी भरली. सरकारं बदलत, सैन्यं नवी शस्त्रं घेत, आणि जुनी पोलादं बोटीत बसून इथं येत.

या स्वस्ताईची काळी बाजू लपवून श्रद्धांजली लिहिता येणार नाही. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्डनं खोट्या नावानं शिकागोच्या एका दुकानातून पोस्टानं जी इटालियन कारकानो मागवली, तीही असलीच सरप्लस रायफल होती. दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर, वर टपालखर्च. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये तिच्याच गोळ्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी गेले. १९६८ च्या कायद्यानं अशी पोस्टानं घरपोच विक्री आणि परदेशी लष्करी मालाची आयात दोन्ही बंद केली, आणि ते योग्यच झालं असं मी आजही मानतो. ८०च्या दशकाच्या मध्यात पन्नास वर्षांहून जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरता दरवाजा पुन्हा किलकिला झाला. तीस डॉलर भरून तीन वर्षांचा संग्राहकाचा परवाना काढला की असली जुनी रायफल घरी मागवता येई. माझ्या पिढीला मिळालं ते सगळं त्या फटीतून.

आमच्या क्लबात शनिवारी सकाळी जमणारी माणसं पैसेवाली नव्हती. कुणी मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, कुणी शाळेची बस चालवणारा, दोघे निवृत्त पोस्टमन. जर्मन माउझर, तुर्की माउझर, इंग्रजी एनफील्ड, युगोस्लाव एसकेएस अशी अर्ध्या जगाची भांडणं त्या शेडखाली एका बाकावर शेजारी शेजारी पडलेली असत. काडतुसंही सरप्लसच. हिरव्या पत्र्याचा सीलबंद डबा, आत ४४० गोळ्या, ऐंशी डॉलरांच्या आत. डबा उघडायला जी किल्ली येई ती हात कापणारी होती. त्या गोळ्यांच्या टोपीत क्षार असत. नळी तशीच ठेवली तर ओहायोच्या दमट हवेत दोन दिवसांत गंज. म्हणून घरी आलं की आधी चहाचं आधण आणि मग दुसरी किटली रायफलीसाठी. नळीतून उकळतं पाणी सोडायचं, पोलाद तापून आपोआप कोरडं होतं, मग तेलाचा बोळा. वीस वर्षं आमच्या घरी शनिवारी दुपारी ही दुसरी किटली चढत आली आहे.

तिथंच एक वृद्ध गृहस्थ भेटले. कोरियात लढून आलेले. मला नागरिकत्व मिळाल्यावर मी गॅरंड घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते स्वतःहून बरोबर आले. एम-१ गॅरंड विकायची इथली पद्धत वेगळी आहे. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम नावाची संस्था अमेरिकी सैन्याच्या जुन्या रायफली नेमबाजी करणाऱ्या नागरिकांना देते. तिचं एक दुकान ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला होतं, आमच्यापासून तासाभरावर. मांडणीत ओळीनं गॅरंड, हवी ती उचलून पाहा. म्हाताऱ्यानं खिशातून एक काडतूस काढलं आणि एकेका नळीच्या तोंडात टोकाकडून घालून पाहिलं. गोळी जितकी आत जाते तितकी नळी झिजलेली. अकरा रायफली त्यानं तशा तपासल्या. बारावी माझ्या हातात ठेवली आणि काही न बोलता बाहेर बाकावर जाऊन बसला. मी पाचशेच्या वर थोडे डॉलर मोजले. आता त्याच प्रतीची गॅरंड हजाराच्या घरात आहे. तो आज असता तर त्याच्या पेन्शनीत ती बसली नसती. कोरियात जी त्यानं खांद्यावर वाहिली, ती त्याला विकत घेता आली नसती.

स्विस के-३१ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. बर्फातल्या बुटांच्या ठोकरा खाऊन खालून चेपलेला दस्ता, वर घड्याळासारखं चालणारं यंत्र. तेव्हा शंभर-दीडशेला मिळे, आता सहाशे-सातशेच्या खाली कुणी बोलत नाही. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी दोन स्क्रू काढून सोडवली, की पुष्कळदा खाली घडी घातलेला कागद सापडतो. ज्या सैनिकाला ती दिली होती त्याचं नाव, तुकडी, पत्ता. माझ्या रायफलीतही होता. पिवळा पडलेला, टाइपरायटरवर लिहिलेला, तेलानं अर्धवट पारदर्शक झालेला. इथल्या कितीतरी लोकांनी त्या पत्त्यांवर पत्रं पाठवली, काहींना त्या सैनिकांची किंवा त्यांच्या मुलांची उत्तरंही आली. मी पत्र लिहिलं नाही. कागद जसा होता तसा घडी घालून पट्टीखाली परत ठेवला. तो त्या रायफलीचाच आहे.

आणि एक दिवस खडकी भेटली. गन शोमध्ये सुट्या .३०३ काडतुसांचा खोका चाळत होतो. पितळेच्या बुडावर के आणि एफ. किर्की फॅक्टरी, म्हणजे आमची खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. साल १९४३. माझे आजोबा त्या साली तिथं पाळीवर होते. भोंगा झाला की गल्लीतली सगळी घरं घड्याळ लावत, आजी पोळ्या लाटायला घेई, हे मी तिच्याच तोंडून ऐकलेलं. ते काडतूस त्यांच्या हाताखालून गेलं असेल असं मी म्हणत नाही. पण एकाच वर्षी इझेव्हस्कला कुणी नळी कातत होतं आणि खडकीला कुणी पितळ ठोकत होतं, आणि ती दोन्ही पोलाद-पितळं ओहायोत माझ्या टेबलावर एकत्र आली. आली कारण ती स्वस्त होती. मूल्यवान झाली असती तर कुणीतरी आधीच उचलून तिजोरीत ठेवली असती.

आपल्याकडे या रायफलींना हे दुसरं आयुष्य मिळालंच नाही. .३०३ हा लष्करी बोअर, सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हाती तीच होती, एके-४७ समोर, हे आपण कुणी विसरलेलो नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी संचलन करून तिला निरोप दिला तेव्हा मला बरंच वाटलं, ड्यूटीवरच्या शिपायाला नवं शस्त्र हवंच. पण इशापूरच्या कारखान्यात १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ साठी नव्यानं घडवलेल्या, बारा गोळ्यांच्या रायफली पाहायला मला ओहायोत यावं लागलं. त्याही एकेकाळी अशाच पिंपांत शंभरेक डॉलरला उभ्या होत्या.

संपलं कसं? थोडं थोडं करत, आणि मग एकदम. चिनी एसकेएस १९९४ सालीच बंद झाल्या. कित्येक देशांनी उरलेला साठा निःशस्त्रीकरणाच्या पैशातून वितळवून टाकला. रशियाच्या कंपन्यांवर २०१४ पासून निर्बंध आले, २०२१ च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांचे नवे परवाने थांबले. त्यानंतर काही महिन्यांत युक्रेनवर आक्रमण झालं. ज्या देशानं पेट्या विकल्या, त्याच देशात आज तोच जुना दारूगोळा लोकांच्या जिवाशी खेळतो आहे. त्यापुढं माझ्या छंदाचं रडगाणं थिटं आहे, हे मला ठाऊक आहे. शिवाय ‘एनिमी अ‍ॅट द गेट्स’सारखे चित्रपट आले, युद्धाचे व्हिडिओ गेम आले, आणि विशी-पंचविशीतल्या पोरांनाही मोसिन हवीशी झाली. साठा आटला, मागणी चढली. आता नव्या कुणी बनवत नाही, मग पुरणार किती?

आमचाही दोष आहे. स्वस्त होत्या म्हणून आम्ही त्यांची पर्वा केली नाही. साठच्या दशकात तर लोकांनी हजारो एनफील्ड आणि माउझर करवतीनं कापून हरणाच्या शिकारीच्या बंदुका केल्या. लाकूड छाटलं, शिक्के घासून काढले. माझ्या क्लबातल्या एकानं एका थंडीत माउझरचा फुटका दस्ता शेकोटीत घातला होता, मी पाहिलं आहे. आज तसला अख्खा दस्ता शोधत तोच माणूस फिरतो.

तरीही त्या दिवसांची मला जी ओढ आहे ती पैशाची नाही. स्वस्त होती तोवर रायफल हाताळली जात होती. पोस्टमन ती खोलायचा, धुवायचा, तिची नेमाची माशी किंचित डावीकडे सरकवायचा, शिक्का कुठल्या कारखान्याचा म्हणून शेजाऱ्याला विचारायचा, आणि त्यातून स्टालिनग्राड कुठं आहे ते शोधायला वाचनालयात जायचा. आता ती विकत घेणारा तिला खोलत नाही, कारण खोलली तर किंमत उतरते. तिच्यातून गोळी मारत नाही. पट्टीखालचा कागद तर कुणी वाचतच नाही, स्क्रूच्या खाचेवर ओरखडा दिसेल म्हणून.

त्या गन शोमध्ये मखमलीसमोर एक मुलगा उभा होता, विशीचा असेल. हात खिशात, नजर त्रिकोणातल्या बाणावर. मी विचारलं तर म्हणाला, आपण ही कधी हातात घेतलेली नाही. पुढच्या शनिवारी त्याला क्लबात बोलावलं. हिरव्या डब्यात तळाशी बासष्ट गोळ्या उरल्या होत्या, दोन कागदी पुडक्यांत आणि काही सुट्या. पहिल्या बाराला तो दचकला, तिसऱ्याला हसला. पाचव्यानंतर बोल्ट अडकला तर त्याला तळव्याच्या टाचेनं ठोकायला शिकवलं, मला म्हाताऱ्यानं शिकवलं होतं तसं.

दुपारी घरी येऊन दुसरी किटली ठेवली. त्यानं नळी तिरपी धरली, मी पाणी ओतलं. आधी काळं आलं, मग करडं. आम्ही दोघं खाली वाकून बघत राहिलो, स्वच्छ येईपर्यंत.