मदीरा बेटावरील आडवा वारा

पोर्तुगालच्या सत्तेखालील मदीरा हें बेट अटलांटिक महासागरांत, आफ्रिकेच्या वायव्येस आहे. २०२३ च्या मे महिन्यांत चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्हां उभयतांस तेथें जाण्याचा योग आला. बेट म्हणजे समुद्रांतून वर आलेला ज्वालामुखीचा पर्वतच; त्याचें सर्वोच्च शिखर पिको रुईवो १८६२ मीटर उंच आहे. सपाट जमीन दुर्मिळ असल्यामुळें विमानतळ पर्वत व सागर यांमधील चिंचोळ्या कडेवर बांधावा लागला.

१९६४ सालीं तो सुरू झाला, तेव्हां धांवपट्टी अवघी १६०० मीटर लांब होती. १९ नोव्हेंबर १९७७ च्या रात्रीं भर पावसांत दोन प्रयत्न फसल्यावर तिसऱ्यांदा उतरलेलें विमान पट्टीवर थांबेना. तें पलीकडे कोसळून १३१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें पट्टी वाढविण्यांत आली व २००० सालीं १८० प्रचंड खांबांवर पसरून ती २७८१ मीटर झाली. हें स्थापत्य पाहून मन थक्क होतें. परंतु लांबी वाढली म्हणून वारा आवरला असें नाहीं. उत्तरेकडील वारा पर्वतावरून भोवरे घेत खालीं उतरतो व पट्टीस आडवा येतो.

पूर आलेली नदी ओलांडणारा नावाडी नाव सरळ पैलतीराकडे न रोखतां प्रवाहाविरुद्ध तिरपी धरतो. वैमानिकही तसाच विमानाचें नाक वाऱ्याकडे वळवून तिरपा उतरतो. मात्र चाकें जमिनीस लागण्याच्या सुमारास त्यास तें पट्टीशीं सरळ करावें लागतें. न केल्यास चाकांवर विलक्षण ताण पडतो. फार आधीं केल्यास वारा विमानास पट्टीबाहेर ढकलतो. आणि अवचित झोतानें एक पंख उचलला गेला तर दुसरा जमिनीस घांसतो. जर्मनींतील हांबुर्ग येथें १ मार्च २००८ रोजीं एका विमानाच्या डाव्या पंखाचें टोंक असेंच घांसलें. वैमानिकांनीं उतरण्याचा हट्ट न धरतां विमान पुन्हा आकाशांत नेलें व दुसऱ्या खेपेस सुखरूप उतरविलें. कोणासही इजा झाली नाहीं.

आमचेंही विमान मदीरावर दोन घिरट्या घालून शेजारच्या पोर्तो सांतो बेटाकडे वळलें. प्रवाशांत कुरबूर सुरू झाली. चिरंजीव म्हणाले, "नाना, बेट डोळ्यांसमोर दिसत असतां परत जावयाचें? भाडें भरलेली खोली फुकट जाणार!" मीं म्हटलें, "खोली फुकट जाऊं दे. मागें घरचीं लेंकरें वाट पाहत आहेत, त्यांचा हिशेब त्या वैमानिकानें आपल्याआधीं केला आहे." चिरंजीव निरुत्तर झाले. दुसऱ्या दिवशीं बोटीनें आम्ही मदीरास पोंचलों.

अशा ठिकाणीं कुटुंबासह जाणाऱ्यांनीं बेतांत एक दिवस मोकळा ठेवावा, नित्याचीं औषधें हाताशीं बाळगावीं आणि विमान परत फिरलें तर वैमानिकास दोष देऊं नये. प्रवाशांच्या उतावीळपणाचें ओझें त्याच्या मनावर पडणें हें आडव्या वाऱ्याइतकेंच घातक आहे.