आडवा वारा

ऑक्टोबर म्हटलं की आपल्याला 'ऑक्टोबर हीट' आठवते. अमेरिकेत याच महिन्यात आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या वन आरकेने, देश ओलांडायचा तर हिशोब वेगळा लागतो. मला कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला बस्तान हलवायचं होतं. आई-आण्णा आलेलेच होते आणि त्यांचं परतीचं विमान नेवार्कहून होतं. आय-80 हा हायवे सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यू जर्सीपर्यंत जातो, साधारण 2,900 मैल.

या दिवसांतल्या प्रवासाबद्दल जो तो पिवळ्या पानांचे फोटो टाकतो. पाण्याच्या पाइपाबद्दल कुणी बोलत नाही. सॅक्रामेंटोत टी-शर्टवर असलेला माणूस त्याच दुपारी डॉनर पासवर सात हजार फुटांवर पोचतो आणि नेवाडात रात्री पारा शून्याखाली जातो. बाहेरून जोडलेला पाइप सगळ्यात आधी गोठतो. म्हणून संध्याकाळीच टाकी भरायची आणि पाइप काढून ठेवायचा. हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. बॅटरी उतरली की सिलिंडर भरलेला असूनही कुडकुडायचं. शिवाय पूर्वेकडे जाताना प्रत्येक टाइम झोन घड्याळातला एक तास खातो. आधीच दिवस लहान, त्यात सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर.

पण हे सगळं सांभाळता येतं. वायोमिंगचा वारा सांभाळता येत नाही.

रॉकी पर्वताची रांग इथे बुटकी होते आणि पश्चिमेचा वारा त्या फटीतून घुसतो. थंडी जवळ आली की त्याचा जोर वाढतो. रॉलिन्सला पोचलो तेव्हा पुढच्या टप्प्यात ताशी 60 मैलांचे झोत असल्याचा इशारा होता. वजनाला हलक्या आणि उंच गाड्यांना इथे बऱ्याचदा रस्ता बंदच करतात. त्या दुपारी अजून केला नव्हता. म्हणजे निर्णय आमचा. विमान पाच दिवसांवर, अंतर 1,900 मैल.

मी फोनवर आकडेमोड केली. गाडीची बाजू नऊ मीटर लांब, तीन मीटर उंच. एवढ्या वाऱ्यात तिच्यावर आडवा जोर येतो जवळपास एक टन. गाडी पाचेक टनांची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. मी हे आण्णांना दाखवलं. एसटीत 31 वर्षं चालक असलेला माणूस. इथे स्टेअरिंगला हात लावायची मुभा नाही, त्यामुळे सबंध प्रवास शेजारच्या सीटवर पायाने नसलेला ब्रेक दाबत बसलेला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. ते पंपावर थांबलेले ट्रक बघत होते.

"ह्यातले रिकामे किती, बघ. भरलेला निघेल. रिकामा निघणार नाही. आपण रिकाम्यातच."

"आण्णा, तिकिटाचं काय करायचं मग?"

"खंबाटकीत धुक्यात गाडी उभी केली की पॅसेंजर शिव्या घालायचे. शिव्या खाल्ल्या मी. तिकीट पुढं ढकल."

पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाव करणारा माणूस हे बोलत होता. तारीख बदलायचे पैसे डॉलरमध्ये किती आणि रुपयांत किती, हे मी दोन्ही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आईकडे चहा मागितला.

रात्रभर गाडी जागच्या जागी डुलत होती. कपाटातली भांडी वाजत होती. आई म्हणाली, लाल डब्यातच बसल्यासारखं वाटतंय. पहाटे वारा मंदावला. लॅरमीच्या पुढे शर्मन समिट लागतं, 8,640 फूट, आय-80चा सर्वांत उंच माथा. आण्णांनी तो आकडा डायरीत टिपून घेतला आणि पुढे रॉलिन्सहून निघाल्याची वेळ लिहिली, डेपोत लिहायचे तशी.

"आता साठच्या वर नेऊ नकोस," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. या प्रवासात चालत्या गाडीत ते पहिल्यांदाच झोपले होते.