दोन याद्या

माझी मावशी आशा सेविका आहे. गेल्या पोलिओ मोहिमेत बूथवर न आलेल्या मुलांसाठी ती उस्मानपुऱ्यात घरोघर फिरत होती. कॉलेजला सुट्टी म्हणून मीही गेले. लसीचा डबा तिच्याकडे, खडू माझ्याकडे. घरातली पाच वर्षांखालची सगळी मुले झाली की दारावर ‘पी’, मूल बाहेर असेल किंवा कुलूप असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’च्या घरी पुन्हा जायचे.

पीर बाजाराच्या पुढे एका अर्धवट इमारतीपाशी पत्र्याच्या आडून रडण्याचा आवाज आला. आत दोन खोपटी, तीन मुले. आमच्या यादीत त्यांचा पत्ताच नव्हता. मावशीने डोस पाजले, डाव्या करंगळीला शाई लावली. खोपटाला दार नव्हते, गोणपाट होते.

“मावशी, इथं खूण कुठं करू?”

“पत्र्यावर कर. अन् वहीत लिहून घे.”

खडू हातात तसाच राहिला. आम्ही बीड जिल्ह्यातून या शहरात आलो, तेव्हा वडील बिगारी होते आणि आमचेही घर असेच होते. मी चार वर्षांची होते. आई म्हणते, तेव्हा आमच्यापर्यंत डबा घेऊन कोणी आलेच नाही. मला काही झाले नाही, हे माझे नशीब.

न दिसलेली माणसे मोजतात तरी कशी, असे मी अर्थशास्त्राच्या सरांना विचारले. त्यांनी चंद्रशेखर आणि डेमिंग यांच्या 1949 सालच्या निबंधाविषयी सांगितले. कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात जन्ममृत्यूच्या दोन याद्या त्यांनी ताडून पाहिल्या: एक निबंधकाची, दुसरी घरोघर फिरून केलेली. सरांनी फळ्यावर मांडले. पहिल्या यादीत 40 मुले, दुसरीत 30, दोन्हींत 24. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या दर पाचांपैकी चार पहिलीला सापडली. तर 40 हे एकूण मुलांच्या चार पंचमांश, आणि एकूण 50. याद्यांत मिळून 46 दिसतात. उरलेली चार कोणीच पाहिलेली नाहीत, तरी ती आहेत.

हा आकडा कशाला हवा? 40 पैकी 40 म्हणजे शंभर टक्के आणि सगळे निश्चिंत. 50 पैकी 40 म्हणजे ऐंशी, आणि मग आणखी लस, आणखी माणसे पाठवावी लागतात.

पण सर म्हणाले, एक अट आहे. दोन्ही याद्या एकाच कारणाने चुकता कामा नयेत. जे फाटक पहिल्याला बंद, तेच दुसऱ्यालाही बंद असेल, तर हिशेब कमीच येतो. म्हणजे आमच्यासारखी मुले त्या चारांतही नसतात. मी 2010 साली त्या चारांत तरी होते का?

भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपला विभाग पोलिओमुक्त ठरला. त्यासाठी वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ यांच्या वेगळ्या याद्या कराव्या लागल्या. घरांच्या यादीत बिनघराचा माणूस सापडत नाही, एवढी ही साधी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला म्हटले, “आज आधी चहावाल्याला विचारू.” बांधकामावरची माणसे चहा कुठे घेतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याने आणखी दोन जागा सांगितल्या. तिथे पाच मुले निघाली.

वहीत शेवटी मी ती पाच नावे लिहिली. घर क्रमांकाच्या रकान्यात लिहिले : ‘पत्र्यामागे.’

(द्वितीय वर्ष, कला)