पोह्यांच्या डब्यातलं घड्याळ

मैत्रिणींनो, यावेळी पाककृती नाही, पण डबा आहे. पोह्यांच्या रिकाम्या डब्यात आमच्या नववीतल्या लेकीनं शर्यतीची वेळ मोजायचं यंत्र बसवलंय.

कारण माझ्या धाकट्या जावेची मुलगी. तिला कमी ऐकू येतं. सुट्टीत भावंडं जमली की मळ्याच्या वाटेवर शर्यत ठरलेली. काका टाळी वाजवतात, आणि ही इतरांचे पाय हलले की मग पळते. दरवर्षी शेवटची. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा 1924 साली पॅरिसमध्ये सुरू झाल्या. आता तिथं धावण्याची सुरुवात दिव्याच्या खुणेनं होते. मग आपल्याच घरात टाळी कशाला?

लेकीनं टाळीच काढली. एकेकानं पळायचं. सुरुवातीला आणि 30 मीटरवर, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आडवे सोडले. पहिल्या टोकाला ते अडले की मोजणी सुरू, दुसऱ्या टोकाला अडले की बंद. हिशेब आर्डुइनोचा छोटा बोर्ड ठेवतो. पळताना हात छातीच्या आधी पुढे जातो, म्हणून प्रत्येक टोकाला वर-खाली दोन किरण. दोन्ही एकदम अडले तरच नोंद. उन्हातही हेच किरण असतात, त्यामुळे दुपारी यंत्र आंधळं व्हायचं. सेन्सरला काळ्या कागदाची नळी लावली आणि शर्यत संध्याकाळी ठेवली.

डब्याचं खातं माझं. स्टीलचा नको म्हटलं, उघडी तार टेकली तर शॉर्ट. कडक पारदर्शक प्लॅस्टिक भोक पाडताना तडकतं. किंचित वाकणारं बरं. भोक लहान पाडून हळूहळू मोठं करायचं. तार बाहेर पडते तिथं आतून गाठ मारा, म्हणजे कुणी अडखळलं तरी जोड उखडत नाही. पॉवर बँकेनं मात्र दगा दिला. यंत्र वीज इतकी कमी ओढतं, की तिला वाटतं फोन भरला, आणि ती झोपते! शेवटी पेन्सिल सेल घातले.

पुतणी पळाली. 6.41 सेकंद. सात जणांत तिसरी, आणि थोरल्या चुलतभावाच्या पुढे. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं, पण हिनं बघितलंच नाही. झाकणातल्या खिडकीत आकडा वाचला आणि पुन्हा सुरुवातीच्या रेषेकडे चालू लागली. अकरा वेळा पळाली. शेवटचे आकडे वाचायला जाऊबाईंनी मोबाइलचा उजेड धरला.